विकलेला उजेड

‘दिवसा मजुरी, रात्री चित्रकला’ अशा अर्थाचा मथळा वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर अधूनमधून वाचायला मिळतो. गाव बदलतं, मजुरी बदलते. कुणी गवंड्याच्या हाताखाली असतो, कुणी मार्केट यार्डात हमाल, कुणी ऊसतोडीला जाणारा. बातमीचा साचा मात्र ठरलेला असतो : शिक्षण नाही, गुरू नाही, घरची परिस्थिती नाही, तरी बोटांत कला. सोबत फोटो. मागे शिवाजी महाराजांचं चित्र, पुढे चित्रकार, खांद्यावर कुणा पुढाऱ्याने घातलेली शाल. आपण वाचतो, ‘काय जिद्द आहे!’ म्हणतो आणि पान उलटतो. या माणसाने चित्रासाठी उद्या खाडा केला तर त्याची हजेरी कोण भरून देणार, हा प्रश्न बातमीत नसतो आणि आपल्यालाही पडत नाही.

हे कौतुक फार स्वस्तातलं आहे. हाताच्या कामाने चित्रकार घडतो हे खरं आहे आणि तेच काम त्याचा दिवस खाऊन टाकतं हेही तेवढंच खरं आहे. पहिल्या गोष्टीचे गोडवे गायले की दुसऱ्या गोष्टीची किंमत मोजावी लागत नाही, ही सोय आपण छान लावून घेतली आहे.

काम करणाऱ्या हाताला काय मिळतं, या प्रश्नाचा विचार करायला लेण्याद्रीसारखी जागा नाही. जुन्नरच्या उत्तरेला कुकडी ओलांडली की गोळेगाव आणि त्याच्यावर हा डोंगर. अष्टविनायकांपैकी डोंगरात, कोरीव लेण्यात असलेलं हे एकमेव स्थान. भाविक तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून येतात, गिरिजात्मजाचं दर्शन घेतात, खालच्या शेतांकडे बघत जरा दम खातात आणि उतरतात. ज्या दालनात ते उभे राहतात ते मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार होता. सुमारे सत्तावन्न फूट खोल, एक्कावन्न फूट रुंद, तिन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या आणि मधे एकही खांब नाही. एवढं मोठं छत कोरताना खांब न ठेवण्याचा निर्णय ज्याने घेतला, त्याला हा दगड किती भार पेलेल याची पुरती जाण असणार. लेणं वरून खाली कोरत आणतात. आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. पराची बांधावी लागत नाही ही त्यातली सोय, आणि चूक झाली तर उडालेला कपचा परत बसवता येत नाही ही त्यातली धास्ती. ज्याचा हात दगडावर बसला आहे त्यानेच हे करावं.

तो कोण होता हे मात्र कुठे लिहिलेलं नाही. बाजूच्या सहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहावर नाव आहे ते दात्याचं : कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा सुलसदत्त. जुन्नरच्या डोंगरांतले इतर शिलालेख वाचत गेलं की आणखी नावं भेटतात. नहपान राजाचा अमात्य अयम, काही यवन दाते, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी. एका लेखात तर बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावात बांबू सोलणाऱ्या आणि भांडी ठोकणाऱ्या लोकांच्या संघटनेवर विश्वासाने पैसे ठेवले जात होते. हाताने काम करणाऱ्या माणसाला बाजारात पत होती, कारण तो श्रेणीत होता. ज्याची नोंदच झाली नाही तो लेण्याद्रीचा पाथरवट वाऱ्यावर राहिला. आजच्या स्वयंशिक्षित चित्रकाराची अवस्था या दुसऱ्या माणसासारखी आहे : काम सर्वांना दिसतं, करणारा दिसत नाही आणि त्याच्या मागे कुठलीही श्रेणी उभी नाही.

‘स्वयंशिक्षित’ म्हणजे कुणीच काही शिकवलेलं नाही, असं आपण समजून चालतो. त्याला कामाने शिकवलेलं असतं. जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही बाजारगावात फ्लेक्स येण्याआधी एक-दोन पेंटर असायचेच. दुकानाचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची अक्षरं, पतसंस्थेची पाटी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीत पक्षाचं चिन्ह आणि चैत्रातल्या जत्रेआधी देवळाचं रंगकाम. कामाचा हंगाम संपला की हीच माणसं टोमॅटोच्या तोडणीला किंवा कांद्याच्या लागणीला जायची.

त्यांचं काम जवळून पाहावं. पत्र्याला प्रायमर मारून तो वाळला की दोऱ्याला खडूची भुकटी लावायची, दोन टोकांना धरून ताणायचा आणि मधे उचलून फटकन सोडायचा. सरळ रेघ उमटते. अशा दोन रेघांत अक्षरांची उंची बसते. रुंदीला मात्र पट्टी चालत नाही. ‘म’ला जागा जास्त लागते, ‘र’ला कमी, आणि दोन अक्षरांमधलं अंतर मोजून सारखं ठेवलं तर ते डोळ्याला सारखं दिसत नाही. ते नजरेनेच ठेवावं लागतं. ऑइल पेंटमध्ये टर्पेंटाइन जास्त झालं तर रंग ओघळतो, कमी झालं तर ब्रश अडतो. करंगळी पत्र्यावर टेकवून, चपटा ब्रश तिरका धरून वळण घ्यायचं आणि मधे थांबायचं नाही, कारण थांबलेली जागा वाळल्यावर दिसते. फोटोवरून मोठं चित्र काढायचं तर फोटोवर चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर आखायच्या आणि शिडीवर उभं राहून एकेक चौकट भरायची. शिडीवरच्याला फक्त एक गाल आणि अर्धी मिशी दिसत असते. पुरा चेहरा त्याला डोक्यात धरून ठेवावा लागतो. प्रमाण, अंतर, कडा, एका दमात ओढलेली रेघ : कला महाविद्यालयात ज्याला पायाभूत अभ्यासक्रम म्हणतात तो हाच.

महाराष्ट्राच्या कलेच्या इतिहासात याचे पुरावे कमी नाहीत. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांना आपण बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, ते कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत. घरात सुतारकाम आणि कोरीवकाम, त्यामुळे लाकूड आणि हत्यारं लहानपणापासून हाताखालची. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, पुढे सिनेमाचा कॅमेराही स्वतः तयार केला. १९२० साली ‘सैरंध्री’ आला, १९२५ साली सावकाराच्या पाशात अडकलेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगणारा ‘सावकारी पाश’. पडद्यावर नेपथ्य रंगवणाऱ्या माणसाला दृश्याची खोली कशी दाखवायची हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. त्यांची पुढची चित्रं बघताना ती लांब, न कचरणारी रेघ लक्षात येते. ज्याने रस्त्यावरून दिसतील असे चेहरे बांबूच्या पराचीवर उभं राहून रंगवले आहेत, त्याचीच ती रेघ आहे.

सगळ्यांत जास्त विचार करायला लावतात ते कृष्णाजी हौळाजी आरा. जन्म १९१४ चा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. आई लहानपणीच गेली, वडील ड्रायव्हर. पोरवयातच ते मुंबईला पळून आले आणि घरगडी म्हणून, गाड्या धुणारा म्हणून जगले. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. फावल्या वेळात चित्रं काढत राहिले. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांच्या नजरेला ती पडली. १९४२ साली मुंबईत पहिलं एकल प्रदर्शन झालं, १९४४ साली गव्हर्नरांचं पारितोषिक मिळालं आणि १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाक्रे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत गाड्या पुसणारा हा माणूस होता.

आरांची गोष्ट आपण जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. ती नीट वाचली तर तिच्यात जिद्दीशिवाय तीन गोष्टी सापडतात. चित्र बघून खरं मत देणारा एक पारखी भेटला. चित्रं लावायला भिंत मिळाली आणि ती विकत घेणारे लोक मिळाले. आणि भांडायला, वाद घालायला बरोबरीचे चित्रकार मिळाले. या तीन गोष्टी काढून घेतल्या तर जिद्द तेवढीच राहिली असती आणि आपल्याला आरांचं नावही ठाऊक नसतं. अशी किती माणसं आपल्याला ठाऊक नाहीत, हा हिशेब कुणी मांडत नाही. पुढे आरांनी आर्टिस्ट्स सेंटरचं काम वर्षानुवर्षं पाहिलं आणि नव्या चित्रकारांना जागा करून दिली. स्वतःला काय मिळालं होतं हे त्यांना नेमकं कळलं होतं.

तालुक्याच्या गावातल्या चित्रकाराला यातलं काय मिळतं? पारखी नसतोच. ‘हुबेहूब!’ ही गावातली एकमेव दाद, त्यामुळे हुबेहूब हीच एकमेव कसोटी. वीस वर्षं हात चालतो तो कॅलेंडरवरच्या देवावरून आणि मोबाइलवरच्या फोटोवरून. कला महाविद्यालयातल्या मुलाला पहिल्याच वर्षी कुणीतरी तोंडावर सांगतं की हा हात चुकला आहे, पुन्हा काढ. स्वयंशिक्षिताला सगळे गोडच बोलतात, कारण मजुरी करून एवढं केलं याचंच त्यांना अप्रूप असतं. चित्राकडे कुणी बघत नाही, चित्रकाराच्या गरिबीकडे बघतात. कौतुकाने माणूस मारता येतो तो असा.

इथे आपल्याकडचे लोक संतांचा दाखला देतात. अरणचे सावतोबा मळ्यात राबले, गोरोबांनी मडकी घडवली, नरहरी सोनाराने दागिने केले आणि हातातलं काम न सोडता अभंग झाले. मग चित्रकाराचंच काय अडतं? अडतं ते असं की अभंग मोट हाकता हाकता जुळतो. ओवी तर जात्याच्या फेऱ्यावरच चालते, तिला कामाचा ताल मदतच करतो. गाण्याला हात लागत नाहीत, अंधारही चालतो. चित्राला दोन्ही हात लागतात, दोन्ही डोळे लागतात आणि उजेड लागतो. मजुराने सकाळी आठ ते संध्याकाळी सहापर्यंतचे आपले हात विकलेले असतात. तो चित्रकार असेल तर त्याच हजेरीत त्याने आपला उजेडही विकलेला असतो आणि त्याचा वेगळा भाव त्याला मिळत नाही.

रात्री काढलेल्या चित्राची फसगत रंगवणाऱ्यालाच माहीत. पिवळ्या बल्बखाली पांढऱ्यावरचा पिवळा दिसेनासा होतो आणि निळा काळवंडतो. दिव्याखाली जमून आलेलं आभाळ सकाळी भलतंच निघतं. पांढऱ्या एलईडीचा उजेड उलट्या बाजूने फसवतो. शिवाय हात. दिवसभर घमेली उचललेल्या, खुरपं धरून आखडलेल्या बोटांना बारीक रेघ लगेच साधत नाही, थरथर जायला वेळ लागतो. सिमेंटने कातडी फाटलेली असेल तर टर्पेंटाइन झोंबतं. या सगळ्यातून उरतो तो रविवार, आणि रविवारी घरची कामं असतात.

आणि घरची कामं ज्या बाईला असतात तिला रविवारही नसतो. ही बाब आपल्या चर्चेत नेहमी तळटीपेत जाते. पालघर, डहाणूकडच्या वारली पाड्यांत लग्नाचा चौक लिहिण्याचं काम पिढ्यान्पिढ्या सवासिनींचं होतं. शेणाने सारवून गेरू दिलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी. दिवसभर लावणीत वाकलेल्या बायकाच ही चित्रं काढत होत्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे पोहोचले, भिंतीवरची चित्रं कागदावर आली आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे जगाला कळले. मशे यांची प्रतिभा वादातीत होती. शेतमजुरी केलेल्या या माणसाला २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. त्यांच्या मोठेपणाला जराही धक्का न लावता म्हणता येईल की कागद आला, बाजार आला तसे चित्रकार म्हणून आधी पुढे आले ते पुरुष, कारण पाड्याबाहेर जायला मोकळे तेच होते. जुन्नरच्या वाड्यावस्त्यांवर रोज सकाळी दारात रांगोळी घालून कामाला जाणाऱ्या बाईबद्दल ‘दिवसा मजुरी’ अशी बातमी कधीच येत नाही. तिला आपण कलावंतही म्हणत नाही आणि मजूरही नाही.

आता पैशाचं बोलू. आपल्या जुन्नर भागाला कलेचा भाव करता येत नाही असं नाही. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग यांचं हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात, जत्रेची तारीख सांगतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. कलेच्या रात्रीला दाम असतो आणि तो आधी ठरतो, ही रीत इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेली आहे. फडांचे हाल वेगळे आहेत, त्यांचं देणं बुडतं, पाऊस पडतो, हे मान्य. पण तमाशा फुकट कर, असं कुठली यात्रा कमिटी म्हणत नाही. तीच कमिटी देवळाच्या भिंतीवर प्रसंग रंगवणाऱ्या गावातल्या पोराला सांगते, ‘देवाचं काम आहे, पैशाचं काय बघतोस? रंग आम्ही आणून देतो.’ बैलगाडा शर्यतीच्या घाटात पहिल्या नंबराला मोटारसायकल लागते आणि घाटाची कमान रंगवणाऱ्याला नारळ.

फ्लेक्सने या माणसाचा उरलेला आधारही काढला. अर्ध्या तासात छापून मिळणाऱ्या फलकासमोर तीन दिवसांचा बोर्ड टिकणार नव्हता. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही, यंत्र आलं की असं होतं. पण एक नुकसान ध्यानात घ्यायला हवं. बोर्ड रंगवणं हे असं हातकाम होतं की ज्यात चित्रकार रोज उजेडात, रोज ब्रश हातात धरून पोट भरत होता. ते गेल्यावर त्याला ब्रशशी संबंध नसलेल्या मजुरीला जावं लागलं. त्याच्या रोजगाराबरोबर त्याची शाळाही बंद झाली.

मग करायचं काय? इंग्लंडच्या उत्तरेला ॲशिंग्टन नावाचं एकेकाळचं कोळसा खाणींचं गाव आहे. १९३४ साली तिथल्या खाणकामगारांनी कलेचा संध्याकाळचा वर्ग सुरू केला. शिकवायला न्यूकॅसलहून रॉबर्ट लायन आले. थोरामोठ्यांच्या चित्रांवरची व्याख्यानं ऐकून काही हाती लागेना, तेव्हा त्यांनी कामगारांनाच चित्रं काढायला बसवलं. मंडळी दर आठवड्याला जमत, केलेली चित्रं मांडत आणि एकमेकांच्या कामातल्या चुका काढत. खाणीतलं काम त्यांनी सोडलं नाही. चित्रं काढली ती खाणीची, पाळीवरून परतणाऱ्या माणसांची, परसातल्या भाजीच्या वाफ्यांची. हा गट अर्धशतकाच्या आसपास टिकला, आणि त्यांच्या चित्रांचा संग्रह आज तिथल्याच एका जुन्या खाणीच्या आवारातल्या संग्रहालयात आहे. त्यांच्यातला एकही जण एकटा राहिला असता तर जिल्हा पानावरच्या बातमीएवढाच उरला असता. आपल्याकडेही सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात चित्रकथीचं संग्रहालय उभं केलं. त्यांच्या समाजाची कला एका छपराखाली आली तेव्हा ती टिकली. जुन्नरच्या बांबूकाम करणाऱ्यांना आणि कांस्यकारांना हे दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होतं.

यासाठी अकादमी नको, महामंडळ नको. तालुक्यातल्या माध्यमिक शाळांत चित्रकलेचे शिक्षक आहेत, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी वर्ग भरतात, आणि रविवारी त्या खोल्यांना कुलूप असतं. ते कुलूप महिन्यातून दोन रविवार काढावं. गवंडी, पेंटर, तोडणीला जाणाऱ्या बायका, ज्यांना यायचं ते येतील, आपलं काम भिंतीला टेकवून ठेवतील आणि दुसऱ्याच्या कामावर मोकळेपणाने बोलतील. शिक्षकाला त्याचं मानधन द्यावं, फुकट समाजसेवा त्याच्याकडूनही मागू नये. ग्रामपंचायतीने भिंत रंगवून घेताना चौरस फुटाचा दर गवंडीकामासारखा ठरवून कागदावर लिहावा. वर्षाकाठी एक चित्र ग्रामपंचायतीने आणि एक पतसंस्थेने विकत घ्यावं. सत्काराच्या शाली, नारळ आणि स्मृतिचिन्हांवर होणाऱ्या खर्चातून हे सहज निघेल.

वाचकाने एवढं तरी करावं. गावातल्या चित्रकाराला पुढच्या वेळी काम सांगाल तेव्हा दर आधी ठरवा, निम्मे पैसे उचल म्हणून हातावर ठेवा आणि काम दिवसाच्या उजेडात करायला सांगा. चित्र फसलं असेल तर कुठे फसलं ते त्याला सरळ सांगा. उत्तम झालं असेल तर शाल घालू नका, दुसरं चित्र विकत घ्या.